एक भिंत सोडून

समजा, तुम्हाला एका भिंतीतला दोष शोधायचा आहे. डोळ्यांचा उपयोग नाही, कारण वरून ती भिंत सायीसारखी गुळगुळीत आहे. मग असं करा. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडा, पेर पुढे काढा आणि शेजाऱ्याच्या दारावर टकटक करावी तसं भिंतीवर ठोका. कान वीतभर अंतरावर धरा. आवाज आखूड आणि भरीव आला, तर गिलाव्याने दगड घट्ट धरलेला आहे. आवाज किंचित लांबला, रिकाम्या डब्यासारखा आला, तर वरून काही दिसत नसलं तरी गिलाव्याने आतून दगड सोडलेला आहे. एक हात पुढे सरका, पुन्हा ठोका. आता हेच काम मनात एक इच्छा धरून करा: भिंत पोकळ निघू दे.

मिस्त्री त्या दिवशी सकाळी दहापासून हेच करत होते.

तशी ही सवय त्यांना जन्माचीच. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ते तिथल्या भिंती ठोकत. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांनी बैठकीतली भिंत ठोकली आणि व्याह्यांकडे असं काही बघितलं, की लेकीला पुढे सहा महिने ते निस्तरावं लागलं. पण ती नुसती सवय होती. आज त्यात पोटदुखी मिसळलेली होती.

गाडी लेकीची. जुनीच, पण तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. तीन दिवस आईबाबांना घेऊन मोठे रस्ते टाळत, आडवाटेने, मनाला येईल तिथे थांबत फिरायचं, असा तिचा बेत होता. मिस्त्री एरवी गाडीत बसले की झोपायचे. या वेळी मात्र पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर पसरून बसले आणि दर फाट्यावर अगदी सहज बोलल्यासारखं, डावीकडचा रस्ता बरा दिसतो, उजवीकडे सावली आहे, असं सुचवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या बऱ्या रस्त्यांच्या आणि सावल्यांच्या शेवटी एक पाटी आली: जुनं गाव, सहा किलोमीटर.

"अरे वा," मिस्त्री म्हणाले. "हे इथे आहे होय?"

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अहो, नकाशा उलटा धरलाय तुम्ही. कालपासून."

लेक हसली, पण आईबाबांमध्ये काय चाललंय ते तिला कळलं नाही. बायकोला मात्र सगळं कळत होतं. चार महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रात या गावावर अर्धं पान आलं होतं. सुंदर, शांत, जसंच्या तसं जपलेलं गाव, आणि ते जपणारा चुन्याच्या गिलाव्याचा कारागीर. त्याचा फोटो होता, पांढऱ्या भिंतीपुढे, हातात ओळंबा. मिस्त्रींनी तो मजकूर सात वेळा वाचला आणि एवढंच बोलले, की ओळंबा चुकीच्या हातात धरलाय. मग ते पान घडी घालून त्यांनी अवजारांच्या पेटीच्या तळाशी ठेवलं. बायकोने ते दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा घड्या जास्त मळलेल्या होत्या.

फोटोतला माणूस म्हणजे गोगलगाय.

हे नाव त्याला वस्तादांनी दिलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी याच गावात वस्तादांच्या हाताखाली दोघे होते, एक हा आणि एक मिस्त्री. मिस्त्रींना वस्ताद म्हणायचे वारा. एका भिंतीवर दोघांना दोन टोकांना उभं केलं, की वारा मधली रेघ ओलांडून पलीकडे निम्म्यावर पोचलेला असायचा आणि गोगलगाय अजून दगडावर पाणी शिंपडत असायचा. बोलणंही तसंच. त्याला जेवलास का विचारलं, तर उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याचं जेवण व्हायचं. वस्ताद स्तुतीला महाचिकट माणूस, पण एकदा दोघांच्या भिंतींवरून तळवा फिरवून मिस्त्रींना म्हणाले होते, "हात तुझा आहे." बस, तीन शब्द. मिस्त्री ते तीन शब्द एकतीस वर्षं खिशातल्या किल्लीसारखे चाचपत आले होते.

मग मिस्त्री शहरात गेले. बायकोला दिवस गेले होते आणि कंत्राटदाराकडे बारमाही काम होतं. चुना संपला, आता सिमेंटचं राज्य, असं तेव्हा सगळेच म्हणत होते आणि ते काही खोटं नव्हतं. सिमेंट पाणी पितं आणि दुसऱ्या दिवशी दगड होतं. चुन्याचं तसं नाही. तो आधी खड्ड्यात महिनोन्‌महिने मुरवावा लागतो, भिंतीवर चढला की हवेतून श्वास घेत घेत, आपल्या सवडीने घट्ट होतो. त्याच्या सवडीला थांबेल असं गिऱ्हाईक शहरात कुठून आणायचं? मिस्त्रींनी पुढे शेकडो घरांना सिमेंट चोपडलं. कोणत्या घराला, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. आणि गोगलगाय, ज्याला हात नव्हता, जो फक्त मागे राहिला, त्याच्या भिंती बघायला लोक गाड्या काढून येत होते.

गाव खरोखर सुंदर होतं, हा पहिला अपमान. गुळगुळीत दगडी फरशीचा एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी कमानी, कमानींखाली सावलीत दुकानं. मोडक्या खुर्च्या विणणारा एक माणूस, शिंप्याचं यंत्र, जुन्या पुस्तकांची पेटी. कुणाला घाई नव्हती. एक मांजर रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं आणि सायकलवाला घंटी न वाजवता त्याला वळसा घालून गेला. मिस्त्रींना त्या मांजराचासुद्धा हेवा वाटला.

आणि भिंती. ताकासारख्या पांढऱ्या, उन्हात डोळ्यांना न खुपणाऱ्या, कोपऱ्यांना किंचित गोलवा दिलेल्या. मिस्त्रींनी पहिल्याच कमानीला पेर लावलं. टक. भरीव. दुसऱ्या कमानीला. टक. शिंप्याच्या दुकानाची बाजू, पाण्याच्या टाकीचा कठडा, जुन्या शाळेची पायरीकडची भिंत, जिथे ओल हमखास चढते. टक, टक, टक. सगळं भरीव.

"बाबा, काय शोधताय?" लेकीने विचारलं.

काही नाही, बघतोय, असं म्हणून मिस्त्री पुढे सरकले. खाली वाकून त्यांनी जोत्याजवळचा कोपरा पाहिला. तिथे, बोटभर उंचीवर, गिलाव्यात एका अंगठ्याचा ठसा होता. ही वस्तादांची शिकवण. भिंत पुरी झाली, की ती घट्ट व्हायच्या आत उजव्या कोपऱ्यात खाली आपला अंगठा दाबायचा. नाव लिहायचं नाही. ज्याला वाकायची तयारी आहे त्यालाच ते दिसावं. गोगलगायीचा अंगठा रुंद होता, फावड्यासारखा. मिस्त्रींनी तो लगेच ओळखला. पुढच्या भिंतीवर तोच. त्याच्या पुढच्या भिंतीवर तोच. अख्ख्या रस्त्यावर त्या माणसाने अंगठे उठवून ठेवले होते. मिस्त्रींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बायको मात्र कमानीखालच्या बाकावर चप्पल काढून बसली होती. लग्नानंतरचे चार महिने ती याच गावात, खुर्च्या विणणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहिली होती. खिडकीकडे बघत ती लेकीला सांगत होती, की सकाळी ऊन थेट उशीवर यायचं आणि खालून वेताचा ओला वास यायचा. मग मिस्त्रींना ऐकू जाईल अशा बेताने, पण त्यांना उद्देशून नव्हे, म्हणाली, "मला इथे राहायला चाललं असतं."

मिस्त्रींनी ते ऐकलं आणि जवळची भिंत जरा जास्तच जोरात ठोकली. टक. भरीव.

दुपार होत आली तेव्हा राहिली होती फक्त एक इमारत, गावाचं जुनं धान्याचं कोठार. वर्तमानपत्रातल्या फोटोतली पांढरी भिंत तिचीच होती. मिस्त्रींनी त्या कोठारात पूर्वी काम केलं होतं, पण तेव्हा आत लाकडी फळ्यांच्या भिंती घालून आठ-दहा अंधाऱ्या खोल्या केलेल्या होत्या. आता फळ्या गेल्या होत्या, बुजवलेल्या खिडक्या उघडल्या होत्या आणि आत एकच लांबरुंद, उजेडाने भरलेलं दालन होतं. कुठली खोली कुठे होती हे मिस्त्रींना सांगता आलं नसतं. वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की कोठाराचा गिलावा नव्याने केला आहे. म्हणजे इथलं आपलं काही उरलेलं नाही, हे धरूनच ते आत शिरले.

दारापाशी स्टुलावर राखणदारीण बसली होती. पन्नाशीची, मांडीवर शिवणाचं काम. तिने चपला काढायला सांगितल्या आणि पुन्हा सुईत डोळे घातले.

मिस्त्री डावीकडून सुरू झाले. टक, टक. बायको आणि लेक खिडकीपाशी उभ्या राहिल्या. एक भिंत संपली, दुसरी संपली. बोटाचं पेर आता सोललं होतं आणि त्यावर चुन्याची पांढरी भुकटी बसली होती. मागच्या बाजूच्या भिंतीपाशी येऊन मात्र ते थबकले. ठोकलं नाही, आधी नुसता तळवा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

ही भिंत निराळी होती. इतर भिंती चांगल्या होत्या, नाकासमोर चालणाऱ्या होत्या. पण या भिंतीवर हात ठेवला की तो आपोआप पुढे घसरत जात होता. थापीची एक रेघ नाही, कुठे थांबल्याची खूण नाही, जणू एका श्वासात वरपासून खालपर्यंत ओढलेली. गोगलगायीचा हात असा कधीपासून झाला? एकतीस वर्षं एकाच जागी राहून, एकच काम करून, शेवटी त्याला हातही आला होता. म्हणजे ते तीन शब्द गेले. खिशात आता किल्लीही नव्हती.

त्यांनी ठोकलं, ते जवळजवळ रागाने.

आवाज लांबला.

मिस्त्रींनी कान जवळ नेला. एक हात पुढे ठोकलं. रिकामा डबा. वर, खाली, टाचा उंचावून, गुडघ्यावर बसून. सगळीकडे पोकळ. पुरुषभर उंचीचा अख्खा पट्टा दगडापासून सुटलेला होता, केवळ स्वतःच्या गुळगुळीतपणाच्या जोरावर उभा होता. मिस्त्रींना असा आनंद झाला, की त्यांनी थेट लेकीला हाक मारली.

"ये, ये इकडे, ऐक. ही त्यांची नावाजलेली भिंत. पोकळ आहे. दोन हातांमध्ये वेळ दिलेला नाही, पहिला थर ओला असताना दुसरा चढवलाय. हे शिकाऊ माणूससुद्धा करत नाही."

आवाज जरा मोठाच झाला होता. राखणदारणीने शिवण बाजूला ठेवलं.

"दादा, ती भिंत जपून ठोका," ती म्हणाली. "ती पोकळच आहे. आमच्या गावच्या मिस्त्रींना माहीत आहे."

"माहीत आहे? मग गिलावा पाडला का नाही?"

"सगळ्यांचा पाडला, नवा केला. एक ही भिंत सोडून. आम्ही पुष्कळदा म्हटलं. ते म्हणतात, राहू दे." तिने चष्मा कपाळावर चढवला. "नवीन कुणी शिकायला आलं, की पहिल्या दिवशी त्याला इथेच आणतात. या भिंतीपुढे तासभर उभं करतात."

"आणि काय सांगतात?"

"ते कुठलं कळायला? दार आतून लावून घेतात."

तोवर बायको पुढे आली होती. ती भिंतीकडे बघत नव्हती, खाली बघत होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "वाका जरा."

मिस्त्री वाकले. उजव्या कोपऱ्यात, बोटभर उंचीवर, अंगठा होता. रुंद नव्हता. लांबट होता, आणि त्याच्या मधोमध एक आडवी, स्वच्छ रेघ होती, पत्र्याने कापलेल्या जुन्या जखमेची. मिस्त्रींनी आपला अंगठा त्यावर टेकवला नाही. गरजच नव्हती. ती रेघ रोज सकाळी दाढी करताना ते आरशात बघत होते.

मग त्यांना सगळं आठवलं. मागची अंधारी खोली. शहरातून कंत्राटदाराचा निरोप, की सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा घेतो. वस्ताद तापाने अंथरुणावर. ही एकच भिंत राहिली होती, आणि तिला निदान सहा आठवडे हवे होते. पहिला हात मारायचा, अंगठा दाबून बघायचा, उमटला तर थांबायचं. न उमटेपर्यंत थांबायचं. मिस्त्रींनी पाच दिवसांत गिलाव्याचे तिन्ही हात मारले. दगडावर नीट पाणीसुद्धा मारलं नाही. पण शेवटचा हात मात्र असा ओढला, की बघणाऱ्याने बघतच राहावं. आणि गोगलगाय बघत होता. दारात उभा होता, हातात पाण्याची बादली. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण त्याला बोलायला वेळ लागायचा, आणि मिस्त्रींना थांबायला वेळ नव्हता. ते त्याच्या बाजूने निघून गेले.

लेकीने विचारलं, बाबा, काय झालं. बायकोने तिचा दंड धरून तिला खिडकीकडे नेलं.

इतक्यात दारात सावली आली. राखणदारणीने कुणाला तरी खूण केली असावी, किंवा तो नेहमीच या वेळेला येत असावा. केस सगळे पांढरे, पायजमा चुन्याने ताठ झालेला. तो आला तो तसाच, एक पाऊल टाकून दुसऱ्याचा विचार करत. मिस्त्रींनी पहिल्यांदा त्याचे हात पाहिले. मिस्त्रींचे स्वतःचे तळवे सिमेंटने खाऊन टाकले होते, हिवाळ्यात भेगा पडून रक्त यायचं. त्याचे हात जाड होते, पण अखंड होते. हेव्याचा जो शेवटचा थर मिस्त्रींच्या मनात चढायचा राहिला होता, तो तिथे चढला.

गोगलगाय समोर येऊन उभा राहिला. त्याने पायांपासून डोक्यापर्यंत त्यांना पाहून घेतलं.

"वाऱ्या," तो शेवटी म्हणाला. "गोगलगाय मी. आणि उशीर तुला झाला."

मिस्त्री हसले. हसावंच लागलं. मग बायकोची चौकशी झाली, लेकीला जवळ बोलावून झालं, वस्ताद कधी आणि कसे गेले ते त्याने आपल्या गतीने सांगितलं. गोगलगायीच्या घरचं, मिस्त्रींच्या गुडघ्यांचं, लेकीच्या गाडीचं, सगळं बोलून झालं. ती भिंत दोघांपासून हातभर अंतरावर होती. दोघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

मिस्त्रींच्या जिभेवर प्रश्न तयार होता. साधाच होता. पण तो विचारायचा म्हणजे वाकून तो अंगठा पाहिला हे कबूल करायचं, सकाळपासून काय शोधत होतो तेही कबूल करायचं. त्याऐवजी ते म्हणाले, "भिंतींना आवाज चांगला आहे तुझ्या."

एकतीस वर्षांत त्याच्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द होता. तो काढताना दाढ उपटल्यासारखं झालं.

"सगळ्या ठोकल्यास?" गोगलगायीने विचारलं.

"छे. दोन-चार."

गोगलगायीने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. सोललेलं, लाल झालेलं पेर, त्यावर पांढरी भुकटी. मिस्त्रींनी हात पाठीमागे घेतला. गोगलगायीच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू असेल किंवा नसेल, आणि त्याने बोलायला तोंड उघडलं. मिस्त्री थांबले. या वेळी खरंच थांबले. बाहेर शिंप्याचं यंत्र चाललं, थांबलं, पुन्हा चाललं.

"पुन्हा ये," गोगलगाय म्हणाला. "घाई नसेल तेव्हा."

एवढंच. मग तो मागच्या अंगणात गेला, कारण तिथे चुन्याच्या खड्ड्यात पाणी टाकायची वेळ झाली होती. तो खड्ड्यापर्यंत पोचायच्या आत हे तिघे गाडीपर्यंत पोचले.

मांजर अजून तिथेच होतं. लेकीने हॉर्न द्यायला हात उचलला, मग स्वतःच थांबली आणि गाडी वळसा घालून काढली. फाटा आला. मिस्त्रींनी नकाशा सुलटा धरला होता, पण बघत नव्हते.

"विचारलंत का त्यांना?" बायको मागून म्हणाली.

"काय?"

"तेच, जे विचारायला दोन दिवस आम्हाला आडरानातून हिंडवलंत."

मिस्त्रींनी तिला सांगितलं नाही, की ते विचारायला आलेच नव्हते. ते आले होते एक दोष घेऊन घरी जायला, आणि तो त्यांना मिळाला होता. पण तासभर चाललेल्या त्या गप्पांत, रस्त्यावरच्या त्या सगळ्या रुंद अंगठ्यांत, एकाच गोष्टीने त्यांना पुरतं घेरलं होतं. ती पोरं भिंतीपुढे उभी राहत असतील. आधी डोळ्यांनी बघत असतील, मग हात फिरवत असतील, मग ठोकत असतील. तो पाठमोरा जाऊन दार लावत असेल, सावकाश. आणि मग? बघा, असा हात पाहिजे, असं म्हणत असेल? की बघा, अशी घाई नको? की काहीच न बोलता वस्तादांसारखा नुसता तळवा फिरवत असेल?

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मिस्त्रींनी सवयीने गाडीच्या दारावर पेराने ठोकलं आणि पत्र्याचा पोकळ आवाज ऐकत राहिले. त्या दिवशी बादली घेऊन दारात उभं राहून जे बोलायचं त्याच्या तोंडात राहून गेलं, तेच तो आता दार लावून त्या पोरांना सांगतो का?